लाच मागितली जाते तेव्हा: छोट्या उद्योजकापुढचे पेच आणि कायद्याची वाट

रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याचा रस डबाबंद करणारा एक छोटा कारखाना आहे, असे समजू. भांडवल बहुतांशी बँकेच्या कर्जाचे आणि कामावर येणाऱ्या बहुतेक बायका आसपासच्या वाड्यांमधल्या. कॅनिंगचा आंबा प्रामुख्याने मे महिन्यात येतो आणि पाऊस सुरू झाला की हंगाम आटोपतो, त्यामुळे वर्षभराचे गणित काही आठवड्यांतच जमवावे लागते. अशा वेळी, ऐन एप्रिलमध्ये, एका परवान्याचे नूतनीकरण अडकते. कागदपत्रे पूर्ण आहेत, शुल्क भरलेले आहे, तपासणीही झालेली आहे, तरी फाइल हलत नाही. मग एके दिवशी कारखान्याच्या मालकिणीला सांगितले जाते की पन्नास हजारांची व्यवस्था झाली तर सही उद्याच होईल.

‘लाच देऊ नये’ हे उत्तर बरोबर आहे, परंतु ते सांगणाऱ्याला नकाराची किंमत बहुधा स्वतःच्या खिशातून मोजावी लागत नाही. परवाना तीन आठवडे उशिरा आला तर या मालकिणीचा हंगाम बुडतो, कर्जाचा हप्ता थकतो आणि ज्या बायकांना वर्षातून एकदाच हमखास रोजगार मिळतो त्यांचा तो रोजगार जातो. पैसे दिले तर हे सारे वाचते. पण पुढच्या एप्रिलमध्ये पन्नास हजार हा बोलणीचा शेवट न राहता सुरुवात होते, आणि तिच्यामागून येणाऱ्या, तिच्याइतकी ऐपत नसलेल्या अर्जदारालाही तोच दर ऐकवला जातो. दोन्ही बाजूंना नुकसान आहे आणि ते वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येणार आहे. म्हणूनच याला पेच म्हणायचे.

पहिली फोड करायची ती मागणी कशासाठी आहे यावरून. जे काम अर्जदाराच्या हक्काचे आहे, नियमानुसार व्हायलाच हवे आहे, ते केवळ अडवून धरून मागितलेली लाच ही एक गोष्ट. आणि जे मिळण्याचा अधिकारच नाही ते मिळवण्यासाठी दिलेली लाच ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. पहिल्या प्रकारात देणारा अडवणुकीचा बळी असतो. दुसऱ्या प्रकारात देणारा आणि घेणारा भागीदार असतात, आणि बळी तिसराच कोणीतरी असतो.

हा फरक अर्थतज्ज्ञ कौशिक बसू यांनी २०११ साली, केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना, एका टिपणात ठळकपणे मांडला होता. हक्काच्या कामासाठी उकळल्या जाणाऱ्या लाचेच्या बाबतीत देणाऱ्याला गुन्हेगार मानू नये आणि गुन्हा सिद्ध झाल्यावर त्याची रक्कमही परत मिळावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. देणाराही गुन्हेगार ठरत असेल तर दोघांचेही हित गप्प राहण्यात असते. देणाऱ्याला अभय दिले तर तो उद्या तोंड उघडेल या भीतीने मागणाराच कचरेल, हा त्यामागचा तर्क. त्यावर टीकाही झाली. लाच देणे कायदेशीर ठरवले तर देण्याविषयी उरलासुरला संकोचही जाईल आणि तक्रारीची कटकट टाळणारी माणसे निर्धास्तपणे पैसे देत राहतील, असे टीकाकारांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. संसदेने मात्र जवळजवळ उलट दिशा धरली.

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ चा आहे. २०१८ च्या दुरुस्तीपूर्वी लाच देणारा अपप्रेरणेच्या, म्हणजे दुसऱ्याला गुन्ह्यास प्रवृत्त करण्याच्या किंवा साहाय्य करण्याच्या, कलमाखाली सापडू शकत असे, परंतु कलम २४ अन्वये, लोकसेवकावरील खटल्यात आपण लाच दिल्याचे त्याने सांगितले तर त्या जबाबाच्या आधारे त्याच्यावर खटला भरता येत नसे. जुलै २०१८ मध्ये दुरुस्ती अमलात आली आणि हे कलम वगळले गेले. आता कलम ८ नुसार, लोकसेवकाने आपले कर्तव्य गैरप्रकारे बजावावे या हेतूने त्याला लाभ देणे किंवा देऊ करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लाच घेणाऱ्याला कलम ७ खाली किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. रक्कम मध्यस्थाच्या हातून दिली तरी गुन्ह्याच्या स्वरूपात फरक पडत नाही.

आमच्या मालकिणीच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती कलम ८ ची दोन अपवादात्मक दारे. पहिले असे की, लाच देणे भाग पाडले गेले असेल तर हे कलम लागू होत नाही, मात्र रक्कम दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले पाहिजे. दुसरे असे की, यंत्रणेला आधी कळवून, तिला मदत करण्यासाठी जो लाच देतो त्याला हे कलम मुळीच लागत नाही. दुसरे दार पहिल्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे, कारण तिथे ‘मला भाग पाडले’ हे नंतर पटवून देण्याची गरज राहत नाही. पैसे देऊन मग विचार करण्यापेक्षा मागणी होताच कळवणे हा कायद्याच्या हिशेबात अधिक भक्कम मार्ग आहे.

सात दिवसांची ही मुदत मला अन्यायकारक वाटते, हे इथे स्पष्टपणे सांगायला हवे. ज्याने अडवणूक केली त्याच्याच कार्यालयात पुढचे अनेक महिने खेटे घालायचे आहेत, अशा माणसाला आठवड्याभरात धैर्य गोळा करायला सांगणे आणि आठव्या दिवसापासून त्याला अडवणूक करणाऱ्याच्या पंगतीला बसवणे यात अडवणुकीच्या बळीचा पुरेसा विचार झालेला नाही. परंतु कायदा असा आहे, आणि तो माहीत नसणे हा बचाव होऊ शकत नाही. मी अनेक उद्योजकांच्या तोंडून ‘देणाऱ्याला काही होत नाही’ हे वाक्य आजही ऐकतो. तो समज धोकादायक आहे.

याच कलमातली आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते. नुसते देऊ करणे हाही गुन्हा आहे. विलंबामागे प्रत्येक वेळी लाचेची अपेक्षा असतेच असे नाही. पद रिक्त असते, एखादा कागद खरोखरच कमी असतो, वरिष्ठांचा अभिप्राय आलेला नसतो, आणि नियमाने चालणारे अधिकारीही पुष्कळ असतात. अशा वेळी अर्जदारानेच ‘साहेब, काय लागेल ते सांगा’ म्हणून सुरुवात केली तर सक्तीचा मुद्दा तिथेच संपतो. मागणी झालेली नसताना ती गृहीत धरणे ही सर्वाधिक घडणारी आणि सर्वांत कमी कबूल केली जाणारी चूक आहे.

तक्रार केल्यावर पुढे काय होते, याविषयी भीती अधिक आणि माहिती कमी असते. महाराष्ट्रात राज्य शासन आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांविरुद्धची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करता येते. १०६४ हा त्यांचा मदत क्रमांक आहे. केंद्र सरकारच्या खात्यातला माणूस असेल तर साधारणपणे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे जावे लागते. तक्रार आल्यावर विभाग आधी पडताळणी करतो, म्हणजे पंचांसमक्ष आणि ध्वनिमुद्रणासह, मागणी खरोखर होते आहे का हे पाहिले जाते. ती सिद्ध झाली की सापळा रचला जातो. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात नोंदवतात आणि त्यांना पावडर लावतात. फिनॉल्फ्थॅलिन असेल तर घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवल्यावर द्रावण गुलाबी होते आणि अँथ्रासिन असेल तर अतिनील दिव्याखाली बोटे निळसर चमकतात. सापळ्यात वापरलेली तक्रारदाराची रक्कम त्याला परत देण्याची तरतूद आहे. लोकसेवकाच्या निर्णयांची चौकशी सुरू करण्यासाठी कलम १७अ खाली पूर्वमंजुरीची जी अट २०१८ मध्ये आली, ती लाच घेताना जागेवर पकडण्याच्या कारवाईला लागू होत नाही.

कठीण भाग यानंतरचा आहे. खटला चालवण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि सुनावणी दोन वर्षांत पूर्ण करण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणत असला तरी प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक काळ जातो. साक्षीच्या वेळी तक्रारदार फितूर झाला तर खटला कोसळतो, असा अनुभव होता. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणात असा निर्णय दिला की, मागणी आणि स्वीकार सिद्ध होणे अनिवार्य असले तरी तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तर अन्य साक्षीदार आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही ते सिद्ध करता येते. तक्रारदाराच्या एकट्याच्या खांद्यावरचा भार त्यामुळे थोडा हलका झाला. त्याला न्यायालयात उभे राहावे लागते, हे मात्र टळलेले नाही.

सापळा हा एकच मार्ग आहे असेही समजू नये. हक्काच्या कामासाठी अडवणूक होत असेल तर अनेकदा अडवणुकीचे हत्यारच बोथट करता येते, आणि ते हत्यार म्हणजे अनिश्चित विलंब. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली असते, अर्जाची पोच मिळते, मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला तर खात्यातच पहिले आणि दुसरे अपील करता येते आणि त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येते. सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, परंतु विलंबाचे कारण त्याला अपिलात सांगावे लागते, आणि ज्या विलंबाचे कारण सांगावे लागते तो विकणे अवघड होते. माहितीच्या अधिकाराखाली फाइल कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होती, हे विचारता येते आणि त्याचे उत्तर सर्वसाधारणपणे तीस दिवसांत द्यावे लागते.

मात्र ही सारी साधने वेळ घेतात, आणि आमच्या मालकिणीकडे वेळच नाही. एप्रिलच्या शेवटी अपील करून मे महिना हाती लागत नाही. म्हणून तिच्या नैतिक जबाबदारीचा मोठा भाग मागणी होण्याच्या आधीच्या महिन्यांत आहे, असे माझे ठाम मत आहे: नूतनीकरणाचा अर्ज नियम मुभा देतील तितक्या लवकर करणे, प्रत्येक कागदाची पोच घेणे, प्रत्येक भेटीची तारीख आणि बोलणे टिपून ठेवणे, आणि कार्यालयात शक्यतो एकट्याने न जाणे. ज्याचा हंगाम पंधरा दिवसांवर आलेला नाही त्याच्याकडे मागणी करणाऱ्याला फारसे विकण्यासारखे काही नसते.

आता दुसरा प्रकार. समजा, त्याच कारखान्यातले सांडपाणी प्रक्रियेविना ओढ्यात जाते आहे, किंवा बॉयलरजवळचा बाहेर पडण्याचा मार्ग खोक्यांनी अडला आहे, आणि तपासणीला आलेला माणूस ‘अहवालात लिहीत नाही’ म्हणून पैसे मागतो. इथेही मालकिणीला अडवणूक झाल्यासारखेच वाटेल, कारण मागणी समोरच्याने केली आहे. पण ती जे विकत घेते आहे तो तिचा हक्क नाही. ती ओढ्याखालच्या गावाचे पाणी आणि स्वतःच्या कामगारांची सुरक्षितता विकत घेते आहे, आणि ही दोन्ही विकण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला नाही, तसा ती विकत घेण्याचा अधिकार तिलाही नाही.

तपासणी टाळण्याचा दर ठरवताना, न तपासल्या गेलेल्या वस्तूची खरी किंमत काय असेल हे दोघांपैकी कोणालाही माहीत नसते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात रायगड किनाऱ्यावर उतरलेली शस्त्रे आणि स्फोटके पुढे जाऊ दिल्याबद्दल पोलीस आणि सीमाशुल्क खात्यातल्या कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या. १२ मार्च १९९३ रोजी त्या स्फोटांत अडीचशेहून अधिक माणसे मेली. आंब्याच्या कारखान्याची आणि त्या गुन्ह्याची तुलना करण्याचा इथे हेतू नाही. नाक्यावर पैसे घेऊन डोळे मिटण्याची सवय ज्या व्यवस्थेला लागते, ती कोणत्या गाडीला डोळे मिटायचे हे निवडू शकत नाही, एवढे त्यातून दिसते.

प्रत्यक्षात बहुतेक मागण्या या दोन टोकांच्या मधल्या असतात. नियम इतके आणि कधी कधी इतके परस्परविसंगत असतात की कोणताही छोटा कारखाना शंभर टक्के नियमात बसलेला सापडणे कठीण. नव्याण्णव गोष्टी ठीक असतात आणि शंभरावी दाखवून पैसे मागितले जातात. अशा वेळी स्वतःला विचारण्याचा प्रश्न असा की, ही त्रुटी लेखी नोंदवली गेली तर मला ती दुरुस्त करता येईल का? येणार असेल, तर ‘त्रुटी लेखी द्या, मी मुदतीत पूर्तता करते’ हे वाक्य बोलायला हवे. त्याने कदाचित दंड होईल, कामाला आठवडाभर खीळ बसेल. पण दंडाची पावती मिळते आणि पुढच्या वर्षी तोच मुद्दा पुन्हा काढता येत नाही.

पैसे स्वतः न देता सल्लागारामार्फत काम करून घेणे हा सर्वांत प्रचलित मार्ग आहे आणि नैतिक दृष्टीने सर्वांत फसवा. परवान्याचे सरकारी शुल्क काही हजार रुपये असताना सल्लागार लाख रुपये सांगतो आणि त्यातले किती कुठे जातात, हे विचारायचे नाही असा अलिखित करार होतो. गोव्यातल्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण प्रकल्पाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. लुई बर्जर या अमेरिकन सल्लागार कंपनीने जुलै २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाकडे मान्य केले की तिने भारतासह चार देशांत कंत्राटे मिळवण्यासाठी अधिकाऱ्यांना लाच दिली होती. गोव्यातला प्रकल्प त्यात होता, आणि कंपनीने १ कोटी ७१ लाख डॉलर दंड भरण्याचे कबूल केले. मधले हात वाढवल्याने जबाबदारी कमी होत नाही, हे त्या प्रकरणातून स्पष्ट झाले. भारतातही २०१८ नंतर कलम ९ खाली व्यवसाय संस्थेशी संबंधित व्यक्तीने, म्हणजे कर्मचाऱ्याने किंवा एजंटाने, संस्थेच्या फायद्यासाठी लाच दिली तर संस्थेला दंड होऊ शकतो. भागीदारी संस्थाही यात येते. असे प्रकार रोखण्याची पुरेशी व्यवस्था आपण केली होती, हे दाखवणे हा संस्थेचा बचाव असतो. संचालक किंवा अधिकाऱ्याची संमती असल्याचे सिद्ध झाले तर कलम १० खाली त्याला कारावासही आहे.

मालक ज्यांना या व्यवहारात ओढतो त्या माणसांचा विचार सहसा होतच नाही. पाकीट पोहोचवायला पाठवलेला पंचविशीतला सुपरवायझर नोकरी जाईल या भीतीने नाही म्हणू शकत नाही, आणि पकडला गेला तर आरोपी म्हणून पहिले नाव त्याचे येते. हिशेब लिहिणाऱ्याला ती रक्कम प्रवासखर्च, दुरुस्ती किंवा किरकोळ खर्च म्हणून दाखवावी लागते, कारण बेकायदा कामासाठी केलेला खर्च आयकरात वजावटीस पात्र नसतो. म्हणजे एका लाचेसाठी खोटी नोंद आली, त्यासाठी खोटे बिल आले, आणि ते बिल देणारा दुकानदारही आला. स्वतः अडचणीत सापडलेल्या मालकाविषयी मला सहानुभूती आहे. ती त्याने आपल्या नोकराला पुढे केले की संपते.

कोकणात आणखी एक प्रश्न हमखास येतो, तो आंब्याच्या पेटीचा. कायद्यात लाभ म्हणजे केवळ पैसा नव्हे. पेटी, पुतण्याला नोकरी, अधिकाऱ्याने सुचवलेल्या मंडळाला देणगी, हे सारे त्यात येऊ शकते. ज्याच्याकडे आपली फाइल प्रलंबित आहे त्याला भेट पाठवू नये, इतका साधा नियम पाळला तरी बहुतेक वेळा भागते.

निविदेत टक्केवारी मागितली जाते तेव्हा पेचाचे स्वरूप बदलते, कारण कंत्राट हा कोणाचाही आधीपासूनचा हक्क नसतो आणि लाचेची रक्कम शेवटी रस्त्याच्या डांबरातून किंवा शाळेच्या सिमेंटमधून वसूल होते. अशा निविदेतून बाहेर पडणे हाच मार्ग मला दिसतो. खासगी कंपनीतल्या खरेदी अधिकाऱ्याने कमिशन मागितले तर तो लोकसेवक नसल्यामुळे भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम सहसा लागू होत नाही. तिथे त्या कंपनीच्या वरिष्ठांकडे किंवा दक्षता विभागाकडे लेखी तक्रार हाच पहिला उपाय असतो.

‘सगळेच देतात, मी एकट्याने नाही म्हणून काय होणार?’ या प्रश्नात तथ्य आहे. एकट्याचा नकार महाग असतो, कारण नकार देणारा वेगळा ओळखू येतो. म्हणूनच ही लढाई एकट्याने लढण्याची अपेक्षा ठेवणे मला चुकीचे वाटते. तालुक्यातल्या कॅनिंग व्यावसायिकांनी एकत्र येऊन आपापल्या अर्जांच्या तारखा आणि निर्णयांच्या तारखा एका तक्त्यात नोंदवल्या, तर कोणत्या टेबलावर किती दिवस लागतात हे नावानिशी आरोप न करताही दिसते, आणि तो तक्ता घेऊन संघटनेचा पदाधिकारी जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा खात्याच्या वरिष्ठांकडे जाऊ शकतो. त्यात कोणा एकाचा परवाना ओलीस राहत नाही.

एप्रिलमध्ये अडकलेल्या मालकिणीपुढे मात्र आज तक्ता नाही. तिने मागणी करणाऱ्याला होकार किंवा नकार यांपैकी काहीच न देता ‘विचार करून सांगते’ म्हणावे, त्याच दिवशी झालेले बोलणे तारीख-वेळेसह लिहून काढावे, वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रलंबित अर्जाबाबत लेखी स्मरणपत्र देऊन त्याची पोच घ्यावी, आणि १०६४ वर बोलावे; या फोनने ती सापळ्याला बांधली जात नाही. भीतीपोटी तिने पैसे देऊन टाकले असतील तर दिल्याच्या तारखेपासून सात दिवस मोजावेत आणि त्याआधी जिल्ह्यातल्या लाचलुचपत प्रतिबंधक कार्यालयात, जमल्यास वकिलाला सोबत घेऊन, लेखी माहिती द्यावी. तिथे जाताना अर्जाची पोच, शुल्काची पावती आणि भेटींची टिपणे बरोबर ठेवावीत, कारण काम हक्काचे होते आणि ते अडवले गेले, हे त्याच कागदांवरून दाखवता येते.